मुखत्यारासाठी लिहिलेला कागद

महिन्याच्या आरंभी रायपूर शहरातील एखाद्या रेशन दुकानासमोर रांग लागते, तेव्हा रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीस तीनच गोष्टी पडतात : तांदळाची पोती, वजनाचा काटा आणि दुकानदाराच्या हातातील एक लहानसे यंत्र. कार्डाचा क्रमांक घातला, बोट टेकवले, की यंत्रावर नाव उमटते आणि तांदूळ काट्यावर चढतो. नाव उमटले नाही तर दुकानदार एवढेच म्हणतो, "सर्वर डाउन है". आणि मजुरीचा अर्धा दिवस मोडून आलेली बाई रिकामी पिशवी मांडीवर घेऊन भिंतीशी बसून राहते. हा सर्वर कोठे असतो, तो बसतो म्हणजे काय होते आणि त्याला पुन्हा उभा कोण करतो, याची तिला वार्ता नसते. ती असावी अशी अपेक्षाही नाही. पण ज्यांनी तो उभा ठेवावयाचा त्यांच्या हाती कोणता कागद असतो, त्यात काय लिहिलेले असते आणि काय राहून गेलेले असते, यावर त्या बाईचा त्या दिवसाचा तांदूळ पुष्कळसा अवलंबून असतो.

छत्तीसगड राज्य 1 नोव्हेंबर 2000 रोजी अस्तित्वात आले. 2004 मध्ये या राज्याने रेशनची दुकाने खाजगी व्यापाऱ्यांच्या हातून काढून ग्रामपंचायती, सहकारी संस्था आणि महिला बचत गट यांच्याकडे सोपविली. पुढे 2007 च्या सुमारास धान खरेदी आणि शिधापत्रिका यांचे हिशेब संगणकावर चढले. 2012 साली रायपूर शहरात 'कोअर पीडीएस' या नावाची व्यवस्था सुरू झाली, आणि एक जुनी गोष्ट मोडली : अमुक कुटुंबाने अमुक दुकानातूनच धान्य घेतले पाहिजे हे बंधन सुटले. दुकानदार तोलात मारत असेल, उर्मट बोलत असेल, तर त्याला सोडून पलीकडच्या गल्लीतल्या दुकानात जाण्याची मोकळीक गरीब माणसाला मिळाली. फेब्रुवारी 2022 मध्ये छत्तीसगड 'एक देश, एक रेशनकार्ड' या योजनेतही सामील झाले.

या मोकळिकीची एक किंमत आहे, आणि ती अटळ आहे. पूर्वी कुटुंबाचा हिशेब दुकानातल्या वहीत होता. वही भिजली तर त्या एका दुकानाचे नुकसान होई. गिऱ्हाईक कोठल्याही दुकानात जाऊ शकते असे म्हटले, की सर्व दुकानांना एकाच मध्यवर्ती नोंदवहीला विचारावे लागते. ती नोंदवही सांभाळणारा कार्यक्रम अडखळला, तर एका गल्लीतले नव्हे, सबंध शहरातले काटे एकदम थांबतात.

असा कार्यक्रम एकदा लिहून कामाला लावला म्हणजे संपले, असे होत नाही. त्यात दुरुस्त्या होतात, नियम बदलतात, गुप्त किल्ल्या मुदतीने बदलाव्या लागतात. आणि दीर्घकाळ चालून चालून कार्यक्रम कधी कधी मंदही होतो. मग तो ताजा करावा लागतो. संगणकाच्या कारखान्यात कार्यक्रम प्रत्यक्ष कामाला लावण्यास 'डिप्लॉयमेंट' म्हणतात, आणि चालू असलेले डिप्लॉयमेंट न थांबविता नव्याने सुरू करण्यास 'रिफ्रेश'. ज्यांनी कौलारू घरात दिवस काढले आहेत त्यांना हे समजावयास कठीण नाही. मृगापूर्वी घराची शाकारणी होते तेव्हा घरातली माणसे बाहेर काढीत नाहीत. एक पट्टा उघडावयाचा, फुटकी कौले काढावयाची, नवी बसवावयाची, आणि तो पट्टा नीट झाकला गेला हे पाहून मग पुढच्या पट्ट्यास हात घालावयाचा. सगळे छप्पर एकदम उघडणारा गडी कोणी दुसऱ्या वर्षी बोलावीत नाही.

संगणकातही नेमके असेच चालते. कार्यक्रमाच्या अनेक प्रती एकाच वेळी कामावर असतात. रिफ्रेश म्हणजे नवी प्रत उभी करावयाची, ती उत्तरे देऊ लागली की जुनी एक निवृत्त करावयाची, आणि असे शेवटपर्यंत. हे काम करणारी 'कुबरनेटीज' नावाची व्यवस्था गूगल कंपनीने 2014 साली खुली केली. नावाचा मूळ ग्रीक अर्थ सुकाणू धरणारा. वेगळी सूचना दिली नसेल तर ही व्यवस्था एका वेळी फार तर चतुर्थांश प्रती कमी होऊ देते आणि फार तर तितक्याच जादा उभ्या करते. जून 2019 पासून तिच्यात 'रोलआउट रीस्टार्ट' नावाची एक आज्ञाच आहे. दोन शब्द टंकावे, डिप्लॉयमेंटचे नाव द्यावे, की शाकारणी सुरू.

आजवर ही आज्ञा देणारा माणूस असे. आता तेथे एक नवा नोकर येऊ घातला आहे. मे 2025 मध्ये नवा रायपूर येथे कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी वाहिलेल्या डेटा सेंटर पार्कचे भूमिपूजन झाले. ज्या बुद्धीसाठी अशा इमारती उभ्या राहत आहेत, ती आता केवळ प्रश्नांची उत्तरे देऊन थांबत नाही. तिच्या हाती साधने दिली तर ती ती वापरतेही. अशा रूपाला 'एजंट' म्हणतात. मराठीत या शब्दाला जुना, कोर्टकचेरीत मुरलेला पर्याय आहे : मुखत्यार. धन्याच्या वतीने, धन्याच्या गैरहजेरीत, धन्याला बांधील ठरणारी कृती करतो तो मुखत्यार. आणि मुखत्यार नेमावयाचा म्हणजे मुखत्यारपत्र आले. त्यात कोणता अधिकार दिला हे जितक्या काळजीने लिहावयाचे, तितक्याच काळजीने कोणता दिला नाही हेही. घर भाड्याने देण्याचा अधिकार दिला, विकण्याचा दिला नाही, हे वाक्य ज्याने लिहावयाचे टाळले त्याची कथा कोणत्याही जुन्या वकिलाकडे ऐकावयास मिळते.

रिफ्रेश करणाऱ्या साधनासाठी माणसांकरिता लिहिलेली माहितीपत्रके कशी असतात हे पाहू गेले, तर ती बहुधा फार आखूड असतात. "अडचण आल्यास सेवा रिफ्रेश करावी," असे एक वाक्य आणि खाली ती आज्ञा. एवढ्यावर वर्षानुवर्षे काम चालते; कारण उरलेला कागद अनुभवी कारागिराच्या डोक्यात असतो. अडचण म्हणजे कोणती अडचण, हे त्याला ठाऊक असते. आज पाच तारीख आहे, दुकानांत गर्दी आहे, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. आज्ञेनंतर पडद्यावर उमटलेल्या वाक्यावर तो विश्वास ठेवीत नाही. चहाचा पेला हातात धरून पाच मिनिटे नुसता बघत राहतो. हे बघत राहणे कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेले नसते.

नवा मुखत्यार असे काही जाणत नाही. तो अडाणी नाही. उलट जगातली माहितीपत्रके त्याने पुष्कळ वाचलेली असतात. पण या घरात तो आजच आलेला असतो, आणि पुष्कळदा दर कामाला पुन्हा नव्यानेच आलेला असतो. कालचे त्याला कोणी लिहून दिल्यावाचून आठवत नाही. म्हणून त्याच्यासाठी कागद लिहावयास बसले, की कारागिराच्या डोक्यातील एक एक गोष्ट बाहेर काढावी लागते. आणि त्यातल्या काही त्या कारागिरालाही आपण जाणतो हे ठाऊक नव्हते, असे आढळून येते.

त्या पडद्यावरच्या वाक्याचेच घ्यावे. रीस्टार्टची आज्ञा दिली की तत्क्षणी उत्तर येते : अमुक डिप्लॉयमेंट रीस्टार्ट झाले. हे भूतकाळी क्रियापद फसवे आहे. झाली आहे ती केवळ आज्ञेची नोंद. कौलांना अजून कोणाचा हात लागलेला नाही. काम पुरे झाले की नाही हे विचारणारी आज्ञा वेगळी आहे. ती शेवटपर्यंत थांबते, आणि यशापयश एका अंकाने सांगते : शून्य म्हणजे पार पडले, अन्य काही म्हणजे नाही. शिवाय नव्या प्रतींना सज्ज होण्यास साधारणपणे 600 सेकंदांची मुदत असते. प्रगतीवाचून ती उलटली तर व्यवस्था अपयशाची खूण करते. पण आपण होऊन जुन्या स्थितीवर परत जात नाही. पुष्कळ जाणत्यांचीही समजूत ती परत जाते अशीच असते. पट्टा अर्धा उघडा टाकून गडी शिडीवर स्वस्थ बसून राहावा, तसे ते दृश्य असते.

यातूनच दुसरा घोटाळा उद्भवतो, आणि तो अधिक वाईट. उत्तर आले नाही तर पुन्हा विचारावे, ही यंत्रांची जुनी सवय आहे आणि पुष्कळ ठिकाणी ती निरुपद्रवी आहे. दिवा लावा असे दोनदा म्हटल्याने दोन दिवे लागत नाहीत. पण रीस्टार्टची आज्ञा त्या जातीची नव्हे. ती दर वेळी डिप्लॉयमेंटच्या अंगावर त्या क्षणाची वेळ कोरते, आणि ती कोरलेली वेळ बदलली म्हणूनच सगळ्या प्रती नव्याने उभ्या करण्यास आरंभ होतो. दुसरी आज्ञा म्हणजे दुसरी शाकारणी, पहिली अर्ध्यावर असताना. उतावळा मुखत्यार तीनदा, चारदा आज्ञा देईल, आणि दर खेपेस नव्या प्रती पायावर उभ्या राहण्याच्या आत पुन्हा काढल्या जातील. एका दृष्टीने पाहता त्याचा दोष काय? आज्ञा पुन्हा देऊ नये, असे त्याच्या कागदात लिहिलेलेच नव्हते.

नावाने होणारी फसगत आणखी एका ठिकाणी आहे. 'रिफ्रेश' म्हणजे आहे तेच पुन्हा सुरू करणे, अशी सर्वसाधारण समजूत. डब्यावर चिठ्ठी 'साखर' अशी असावी आणि मधल्या काळात कोणी आत मीठ भरून ठेवावे, अशी गोष्ट येथे सहज घडते. कार्यक्रमाच्या आवृत्तीला नेमका क्रमांक न देता 'लेटेस्ट', म्हणजे सर्वांत अलीकडची, एवढीच चिठ्ठी लावलेली असली, तर नव्या प्रती उभ्या करताना व्यवस्था त्या चिठ्ठीखालचा त्या दिवशीचा माल उचलते. ताजेतवाने करावयास गेलेला माणूस नकळत नवी, न तपासलेली आवृत्ती कामाला लावून बसतो.

परत फिरण्याची गोष्ट त्याहून नाजूक. कुबरनेटीजमध्ये मागील स्थितीवर नेणारी आज्ञा आहे, आणि ती आहे म्हणून पुष्कळजण निर्धास्त असतात. परंतु ती आज्ञा डिप्लॉयमेंटचा साचा मागे नेते. बाहेर ठेवलेल्या नियमांच्या यादीला ती हात लावीत नाही. समजा, अशा एखाद्या रेशन व्यवस्थेत महिन्याच्या वाट्याचे प्रमाण त्या यादीत लिहिलेले आहे, कोणी त्यात चुकीचा आकडा घातला, आणि नवी यादी वाचली जावी म्हणून रिफ्रेश केले. चूक उघडकीस आली. मागे फिरण्याची आज्ञा दिली. प्रती पुन्हा एकदा नव्याने उभ्या राहिल्या, आणि त्यांनी तीच चुकीची यादी पुन्हा निष्ठेने वाचली. यादीची जुनी प्रत अगोदर काढून ठेवली असेल तरच सुटका. हे एक वाक्य कागदात नसले तर मुखत्यार मागे फिरल्याचा अहवाल देईल, तो अहवाल शब्दशः खराही असेल, आणि काट्यावरचा तांदूळ मात्र चुकीचाच तोलला जात राहील.

हे सर्व ध्यानी घेतले म्हणजे त्या एका ओळीच्या जागी काही असा मजकूर येतो : "ही आज्ञा सेवेच्या चालू प्रती क्रमाने काढून नव्या प्रती उभ्या करते, नोंदवहीतील माहितीस ती स्पर्श करीत नाही. आज्ञेपूर्वी आवृत्तीचा क्रमांक लिहून ठेवावा आणि नियमांच्या यादीची प्रत काढावी. आज्ञेला तत्काळ मिळणारे उत्तर हे केवळ स्वीकृतीचे समजावे. दहा मिनिटांत काम पुरे न झाल्यास आज्ञा पुन्हा देऊ नये. थांबावे, नव्या प्रतींचा लॉग वाचावा आणि पाळीवरील माणसास कळवावे. एक ते सात तारखेच्या दरम्यान, दुकाने उघडी असताना, ही आज्ञा माणसाच्या लेखी संमतीवाचून देऊ नये." यातील अखेरचे वाक्य कोणत्याही परदेशी माहितीपत्रकात सापडावयाचे नाही. छत्तीसगडात महिन्याच्या आरंभीच्या दिवसांत 'चावल उत्सव' या नावाने धान्यवाटप करण्याची रीत पडली, हे ज्याला ठाऊक आहे त्यानेच ते लिहावयाचे आहे.

आणखी एक वाक्य लागते, आणि ते बहुधा विसरले जाते. नवी प्रत "मी सज्ज आहे" असे म्हणते, ते स्वतःपुरते. ती जागी आहे, एवढाच त्याचा अर्थ. नोंदवहीपर्यंत तिचा हात पोचतो की नाही, हे तिला विचारलेलेच नसते. म्हणून काम पार पडल्याची खूण यंत्राच्या बाजूने नव्हे, दुकानाच्या बाजूने पाहिली पाहिजे : चाचणीसाठी राखलेल्या एका कार्डाचा क्रमांक बाहेरून घालावा आणि नाव उमटते का ते पाहावे. भिंतीशी बसलेल्या त्या बाईला जे दिसले असते तेच मुखत्यारानेही पाहावे, एवढीच ही मागणी आहे.

कागदाची उणीव किती महाग पडते, याचा दाखला अमेरिकेच्या शेअर बाजारात सरकारी दप्तरी नोंदलेला आहे. नाइट कॅपिटल ही बाजारातील एक मातबर पेढी. तिने नवा कार्यक्रम आठ यंत्रांवर चढवावयाचा होता; काम करणाऱ्या तंत्रज्ञाच्या हातून एक यंत्र राहून गेले. 1 ऑगस्ट 2012 रोजी सकाळी बाजार उघडला, आणि त्या आठव्या यंत्रात वर्षानुवर्षे निजलेला जुना कार्यक्रम नव्या खुणेने जागा झाला. गिऱ्हाइकांच्या 212 मागण्यांपोटी त्याने 45 मिनिटांत सुमारे 40 लाख सौदे केले; पेढीचे नुकसान 46 कोटी डॉलरांहून अधिक झाले. गोंधळ आवरण्यासाठी मंडळींनी उरलेल्या सात यंत्रांवरून नवा, म्हणजे बरोबर असलेला, कार्यक्रम काढून टाकला. तेव्हा आग आणखी भडकली. बाजार उघडण्यापूर्वी यंत्रांनी इशाऱ्याचे 97 ईमेल पाठविले होते. ते कोणी काय करावे, हे ठरलेले नव्हते. ऑक्टोबर 2013 मध्ये तेथील रोखे आयोगाने या पेढीस 1 कोटी 20 लाख डॉलरांचा दंड केला, तेव्हा निर्णयात एक साधी गोष्ट नमूद झाली : दुसऱ्या तंत्रज्ञाने काम तपासावे अशी लेखी पद्धतच पेढीत नव्हती. त्या सकाळी तेथे कृत्रिम बुद्धी नव्हती, माणसेच होती. आणि माणसेही बरीच हुशार होती.

मात्र लेखी पद्धत म्हणजे नियमांची जंत्री, असा समज करून घेतला तर ती जंत्री कामास येत नाही. मराठी मुलुखाला या बाबतीत एक उत्कृष्ट वस्तुपाठ लाभलेला आहे. सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना एक पत्र धाडले. पावसाळ्यात घोडदळ तेथे राहावयाचे होते, दाणागोटा मर्यादित होता, आणि धनी दूर होता. त्या पत्रात दाणा जपून वापरा एवढेच सांगून भागविलेले नाही. आता उधळाल तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी मरतील, मग शिपाई कुणब्याच्या घरी शिरतील, आणि त्या रयतेला वाटेल की यांच्यापेक्षा मोगल बरे : अशी सगळी साखळी उलगडून दाखविली आहे. आगीविषयी तर त्याहून बारकाई. रात्री दिवा जळत राहिला, उंदराने पेटती वात ओढून नेली, ती गवतात पडली, म्हणजे काय होईल, येथपर्यंत ते पत्र जाते. उंदराचा उल्लेख करणारा राजा विरळा. पण त्या उंदरामुळेच ते पत्र वाचणाऱ्या हवालदारास, पत्रात न लिहिलेल्या दहा गोष्टी आपोआप उमगल्या असतील. गवताजवळ चूल नको असा नुसता हुकूम असता, तर चिलमीबद्दल तो काय समजला असता? कारण सांगितले की वाचणारा स्वतः विचार करू लागतो.

नव्या मुखत्याराच्या बाबतीत हे अक्षरशः खरे ठरते. "एक ते सात तारखेस आज्ञा देऊ नये" एवढेच लिहिले, तर धान्य उशिरा पोचून वाटप दहा तारखेपर्यंत लांबले त्या महिन्यात तो आठ तारखेस निःशंकपणे आज्ञा देईल. "त्या दिवसांत दुकानांवर सर्वाधिक रांगा असतात आणि सेवा दोन मिनिटे थांबली तरी माणसे परत जातात" हे कारण पुढे जोडले, तर आठ तारखेस तो निदान विचारील. कृत्रिम बुद्धीच्या या एजंटांचा विशेष हाच की ते कारणावरून पुढचे ताडू शकतात. पूर्वीच्या यंत्रांना कारण सांगणे म्हणजे दगडाला कथा सांगणे होते.

वाचक बदलला की लेखन बदलावे लागते, याचे भान रायपूरला नवे नाही. याच शहराशी ज्यांचे आयुष्य निगडित होते आणि जेथे 1926 साली ज्यांचा देहान्त झाला, ते माधवराव सप्रे घरचे मराठी. पण 1900 साली त्यांनी पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढले ते हिंदीत, आणि पुढे दासबोध आणि गीतारहस्य हे ग्रंथ त्यांनी हिंदी वाचकांच्या हाती दिले. ज्या वाचकाला आपल्या घरातले संकेत ठाऊक नाहीत त्याच्यासाठी लिहिणे, हा एक स्वतंत्र व्यवसाय आहे; त्यात गृहीत काहीच धरता येत नाही. साधनांची माहितीपत्रके लिहिणाऱ्यांना सप्रे यांच्या पंक्तीस बसविणे हे थोडे धाडसाचे होईल, पण त्यांची अडचण त्याच जातीची आहे.

येथवर कागदाची थोरवी झाली. त्याची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगावयास हवी. जुलै 2025 मध्ये अमेरिकेतील एका उद्योजकाच्या प्रयोगात, बदल करावयाचे नाहीत असे स्पष्ट बजावलेले असताना, एका एजंटाने चालू माहितीसाठाच पुसून टाकला. वर ती माहिती परत मिळणे शक्य नाही असेही सांगितले, आणि तीही गोष्ट खोटी निघाली. बजावणे म्हणजे कुलूप नव्हे. जी गोष्ट कधीच घडता कामा नये, ती कागदात लिहून थांबू नये; त्या मुखत्याराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात ती किल्लीच असू नये. रिफ्रेश करणाऱ्या साधनाला प्रती बदलण्याचा अधिकार पुरे. नोंदवही पुसण्याचा अधिकार त्याच्यापाशी कशाला? नोव्हेंबर 2024 मध्ये एजंट आणि साधने यांना जोडणारा 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' हा संकेत जाहीर झाला. पुढे त्यात प्रत्येक साधनावर खुणा लावण्याची सोय आली : हे साधन केवळ पाहते की बदलही करते, ते विध्वंसक आहे काय, दोनदा वापरले तर चालेल काय. सोय उत्तम आहे. पण त्या खुणा म्हणजे केवळ सूचना होत, अनोळखी ठिकाणाहून आल्या तर त्यांवर विसंबू नये, असे तो संकेत स्वतःच सांगतो. आणि हा प्रामाणिकपणा सर्वत्र आढळत नाही.

कागद फार लांबविण्याचाही मोह होतो. एकदा डोक्यातले उतरवू लागले की पानांवर पाने होतात, आणि चाळीस पानांच्या मध्यभागी असलेली "आज्ञा पुन्हा देऊ नये" ही ओळ एजंटाच्याही नजरेतून निसटते. त्याच्या ध्यानात एका वेळी मावते त्यालाही सीमा आहे. ज्याने घर जळेल ते आधी लिहावे, ज्याने गैरसोय होईल ते नंतर, आणि ज्याने लिहिणाऱ्याची विद्वत्ता दिसेल ते लिहूच नये. 2025 पासून अनेक कार्यक्रमांच्या संग्रहात माणसांच्या माहितीपत्रकाशेजारी एजंटांसाठी 'एजंट्स' नावाची निराळी फाइल ठेवण्याचा प्रघात पडू लागला. तीही चांगली म्हणावयाची ती आखूड असेल तरच. गमतीची गोष्ट अशी, की पुष्कळ ठिकाणी नव्याने रुजू झालेली तरुण माणसेच ती फाइल आधी वाचतात. कारण जे वर्षानुवर्षे कोणी त्यांना सांगितले नाही ते यंत्रासाठी का होईना, पण अखेर लिहिलेले असते.

राहता राहिली ती कागदाच्या वयाची गोष्ट. साधन बदलते, मुदत सहाशे सेकंदांची तीनशे होते, आज्ञेचे नाव पालटते. कागद तसाच राहतो. माणसाच्या हाती जुना कागद आला तर त्याचा पिवळेपणा पाहून तो मनात शंका घेतो, कोणाला तरी विचारतो. संगणकातला मजकूर पिवळा पडत नाही. दहा वर्षांपूर्वीचे वाक्य आणि आज सकाळचे वाक्य तेथे सारखेच टवटवीत दिसते, आणि मुखत्यार दोहोंवर सारखाच विश्वास टाकतो. म्हणून कागदाच्या डोक्यावर साधनाची आवृत्ती आणि तारीख घालावी. आणि साधन बदलले की तो कागद कामाच्या जागेपासून वेगळ्या काढलेल्या तालमीच्या यंत्रणेत एजंटाच्या हाती द्यावा, एक प्रत मुद्दाम बिघडवून ठेवावी, आणि तो काय करतो ते पाहावे. दहा मिनिटांनंतर तो आज्ञा पुन्हा देतो की थांबून माणसाला हाक मारतो, हे पाहण्यास चहाचा एक पेला संपेपर्यंत वेळ लागतो.